हौसेचा फोटो आणि धंद्याचं सॉफ्टवेअर

सेनगावसारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या पोरानं जुना डीएसएलआर घेतला की आठवड्याभरात तो लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाकडे तरी जातो. प्रश्न ठरलेला असतो, "दादा, एडिटिंगला काय टाकू?" उत्तरही ठरलेलं असतं, "फोटोशॉप टाक, लाइटरूम टाक. पेनड्राइव्ह घेऊन ये, देतो." हिंगोलीत विचारा, रिसोडला विचारा, जिंतूरला विचारा, याहून वेगळं फारसं कानावर येत नाही. सांगणारा मनापासून सांगतो, त्याच्या अनुभवातून सांगतो. तरीही हौशी माणसासाठी हा सल्ला चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी सविस्तर मांडणार आहे. कारण या एका निवडीवर पुढं पुष्कळ काही ठरतं: तो पोरगा दोन वर्षांनी फोटो काढत असेल की नाही, आणि काढलेले फोटो वीस वर्षांनी त्याच्या हाती असतील की नाही.

लग्नाच्या फोटोग्राफरचं काम आधी नीट पाहू. लग्नसराईत त्याच्यापुढं एकेका लग्नाचे हजारो फोटो असतात. नवरीकडची मंडळी चौथ्या दिवसापासून अल्बमची विचारणा करू लागतात. करिझ्मा अल्बमची पानं लॅबला ठरावीक मापात पाठवायची असतात. त्या पानांचे तयार नमुने बाजारात मिळतात ते पीएसडी फाइलमध्ये, आणि पीएसडी हे फोटोशॉपचं स्वतःचं स्वरूप. हाताखालचा मुलगा एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत गेला तरी समोर तेच सॉफ्टवेअर असलं की पहिल्या दिवसापासून कामाला लागतो. म्हणून धंद्यासाठी फोटोशॉप योग्यच आहे. हौशी माणसाला मात्र यातलं एकही कारण लागू होत नाही. त्याला गिऱ्हाईक नाही, मुदत नाही, लॅब नाही. एका फोटोवर अख्खी रविवारची दुपार घालवायची त्याला मुभा आहे. धंदेवाल्याला जे परवडत नाही ते नेमकं त्याला परवडतं. सॉफ्टवेअर निवडताना त्यानं सगळ्यात आधी हे ध्यानात घ्यावं.

फोटोशॉप इतकं सर्वमान्य कसं झालं, याची गोष्ट थोडक्यात सांगतो. थॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांनी १९८७ च्या सुमारास ते लिहायला घेतलं, आणि १९९० च्या फेब्रुवारीत अडोबी या कंपनीनं त्याची पहिली आवृत्ती बाजारात आणली. आपल्याकडच्या गावोगावच्या स्टुडिओंत ते खरं रुजलं ते २००२ च्या ७.० या आवृत्तीनं. कमी ताकदीच्या संगणकावर ती चालायची आणि एकाच सीडीवरून गावभर पसरायची. विकत घेणारे विरळा. मग मे २०१३ मध्ये अडोबीनं जाहीर केलं की यापुढं एकदाच पैसे भरून कायमची मालकी देणारी आवृत्ती निघणार नाही. जे काही आहे ते दरमहा किंवा दरवर्षी भाडं भरून वापरा. लाइटरूमची कायमस्वरूपी विकत मिळणारी शेवटची आवृत्ती, सहावी, २०१५ मध्ये आली. त्यामुळं आज "फोटोशॉप टाक" या सल्ल्याचे दोनच अर्थ होतात. एक तर हौस असेपर्यंत भाडं भरत राहा, नाही तर क्रॅक वापरा.

क्रॅकबद्दल आडपडदा न ठेवता बोललं पाहिजे. चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणं हा भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब खाली गुन्हा आहे. किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. कायदा हौशी माणसाकडं थोड्या नरमाईनं पाहतो, पण निर्दोष मानत नाही. क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि ज्या लॅपटॉपवर तो बंद होतो त्याच लॅपटॉपवर घराचं बँकेचं काम आणि भावाचे परीक्षेचे फॉर्म असतात. या दोन्हींपेक्षा मोठं नुकसान मला तिसरंच वाटतं. महागडी वस्तू चोरून फुकट मिळत राहिल्यामुळं हक्कानं फुकट मिळणाऱ्या वस्तूंकडे आपण वीस वर्षं पाहिलंच नाही.

त्या वस्तू तेव्हाही होत्या. बर्कलीच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिंप लिहायला सुरुवात केली. फोटोशॉपसारखे लेअर, मास्क, कर्व्ह हे सगळं त्यात आहे. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता ठेवलेल्या, फाइलसाठी २००९ मध्ये योहानेस हानिका यांनी डार्कटेबल सुरू केलं. गाबोर होर्वाथ यांचं रॉथेरपी २०१० मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. या तिन्हींचा परवाना असा आहे की ती मोफत वापरा, हवी तितक्यांना पेनड्राइव्हवर द्या, कायदा तुमच्या बाजूनं आहे.

पण फुकट आहे म्हणून घ्या, असा माझा मुद्दा नाही. फुकट वस्तू वाईट असेल तर तिच्यावर खर्च होणारा वेळ हीच तिची किंमत. म्हणून कसोटी लावली पाहिजे, आणि आपल्या भागाची कसोटी आपल्या भागातलाच फोटो असावा. मी सुचवतो तो फोटो असा. हरिनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन चाललंय, दुपारचे बारा वाजलेत. मंडपाच्या कडेला सत्तरीचा एक शेतकरी बसलाय. अंगावर अर्धं ऊन, अर्धी सावली. डोक्यावर नुकतीच धुतलेली पांढरी टोपी, कपाळावर बुक्का, आणि जन्मभर रानात राबून रापलेला चेहरा. टोपी उन्हात, डोळे सावलीत.

हा फोटो कॅमेऱ्याला झेपत नाही. चेहरा नीट यावा म्हणून उजेड वाढवला तर टोपी कोऱ्या कागदासारखी होते, तिची शिवण आणि मधली घडी दोन्ही गायब. टोपी सांभाळली तर चेहऱ्याचा काळा ठिपका होतो. कॅमेऱ्यातून तयार होऊन येणाऱ्या जेपीजी फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, आणि त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं हे कॅमेऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. रॉ फाइल १४ बिटची असेल तर पायऱ्या १६,३८४ असतात, १२ बिटची असेल तर ४,०९६. म्हणून कॅमेरा रॉवर ठेवायचा, टोपीची घडी शाबूत राहील इतकाच उजेड घ्यायचा, आणि काळवंडलेला चेहरा घरी येऊन वर काढायचा. सॉफ्टवेअरची परीक्षा इथून सुरू होते.

लाइटरूममध्ये दोन पट्ट्या सरकवल्या, हायलाइट खाली आणि शॅडो वर, की निम्मं काम होतं. आजचं लाइटरूम तर फोटोतला माणूस स्वतः ओळखून त्याचा चेहरा वेगळा निवडून देतं. मिनिटभराचं काम. डार्कटेबलमध्ये २०१९ अखेरीस टोन इक्वलायझर नावाची सोय आली. बाण चेहऱ्यावर नेऊन माउसचं चाक फिरवलं की चेहऱ्याइतकाच उजेड असलेले भाग तेवढे उजळतात आणि टोपी जागची हलत नाही. हे उमगायला पहिल्यांदा एक पूर्ण संध्याकाळ जाते. पण त्या संध्याकाळी कळतं की गालाचं हाड आणि डोळ्याची खोबण यांच्यात उजेडाच्या किती पायऱ्या आहेत, आणि सावली फार वर उचलली की चेहरा मातकट का दिसतो. पुढच्या सप्ताहाला तुम्ही फोटो काढायला बसता तेव्हा उन्हाची बाजू बघून बसता. लाइटरूम वापरणाऱ्यालाही हे कळू शकतं, पण कळण्याची गरज पडत नाही. धंद्यात गरज न पडणं हा फायदा आहे. हौसेत तेच नुकसान आहे, कारण कळावं म्हणूनच तर हौस केली.

टोपी मूळ फाइलमध्येच जळून पांढरी झाली असेल तर जगातलं कुठलंच सॉफ्टवेअर ती घडी परत आणू शकत नाही. कॅमेऱ्यातली रॉची खूण लावणं हे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठं काम आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

याच फोटोवर आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी. मोबाइलच्या कॅमेऱ्यातले ब्युटी मोड आणि एका बोटात फोटो "सुंदर" करून देणारी अॅप या शेतकऱ्याचं काय करतात? त्याचा चेहरा दोन छटांनी उजळ करतात, सुरकुत्या पुसतात, गाल गुळगुळीत करतात. सत्तर वर्षांचं ऊन दोन सेकंदांत धुऊन निघतं. स्टुडिओवाल्यावर गिऱ्हाइकाचा दबाव असतो. नवरी गोरी दिसलीच पाहिजे असा हट्ट धरणारे लोक त्याला पैसे देतात. हौशी माणसाला तसं कुणी सांगायला येत नाही. मग त्यानं आपल्याच माणसांचा रंग कशासाठी पुसावा? मराठवाड्याच्या फोटोंत मराठवाड्याचा रंग नसेल तर ते फोटो खोटे आहेत. जे सॉफ्टवेअर उघडल्या उघडल्या न विचारता कातडी उजळवतं ते माझ्या यादीतून पहिल्या फेरीत बाद होतं. फोटो आहे तसा समोर ठेवून पहिला निर्णय माणसाला घेऊ देईल, असं सॉफ्टवेअर हवं.

आता मालकीचा प्रश्न. निवडताना लोक याचा सगळ्यात कमी विचार करतात, आणि पस्तावतात ते इथंच.

फोटो लावून ठेवायचं पिकासा आठवतं? गूगलनं ते २००४ मध्ये विकत घेतलं आणि मोफत वाटलं. घरोघरच्या संगणकांवर लोकांनी त्यात अल्बम लावले, चेहऱ्यांना नावं दिली, "हे आजोबा, ही मोठी आत्या". मार्च २०१६ मध्ये गूगलनं त्याचा सांभाळ बंद केला. पिकासात केलेले बदल वेगळे सेव्ह केले नसतील तर ते फक्त पिकासालाच दिसायचे. संगणक बदलला, सॉफ्टवेअर गेलं, आणि त्या श्रमाचा मागमूस राहिला नाही. निक कलेक्शन या फोटो सुधारायच्या साधनांच्या संचाचं असंच. गूगलनं ते मार्च २०१६ मध्ये मोफत केलं, २०१७ मध्ये त्यात सुधारणा करणं थांबवलं, त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीला विकलं, आणि नंतर ते पुन्हा पैसे देऊन घ्यायची वेळ आली. एकदाच पैसे भरून मिळणारं अॅफिनिटी फोटो अनेक हौशी लोकांनी अडोबीला पर्याय म्हणून घेतलं. ते बनवणारी कंपनी २०२४ मध्ये कॅनव्हानं घेतली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अॅफिनिटी मोफत झालं. बातमी आनंदाची आहे, वापरून पाहायला हरकत नाही. पण कंपनीच्या मर्जीनं मोफत झालेली वस्तू कंपनीच्याच मर्जीनं उद्या काय होईल, हे वरच्या दोन उदाहरणांवरून ओळखावं.

भाड्याच्या सॉफ्टवेअरचा व्यवहार तर उघडच आहे. लाइटरूम क्लासिकचं भाडं थांबवलं की फोटो दिसत राहतात, बाहेर काढता येतात, पण ज्या खोलीत बसून तुम्ही ते घडवले ती डेव्हलपची खोली बंद होते. शिवाय "वार्षिक करार, मासिक हप्ता" या योजनेत मध्येच सोडलं तर उरलेल्या रकमेचा वाटा भरावा लागतो. हे शुल्क नीट दिसेल असं सांगितलं जात नाही, असा आरोप करत अमेरिकी सरकारनं फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून जून २०२४ मध्ये अडोबीवर दावा दाखल केला. बटईनं केलेल्या रानात कुणी विहीर पाडत नाही. दहा-पंधरा वर्षांची फोटोंची मेहनत ही विहीर आहे. ती कुणाच्या रानात पाडायची हे आधी ठरवा.

उलट बाजूचं एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. निजामाच्या राज्यात हिंगोलीला लष्करी छावणी होती, त्या काळी त्या राज्यातला सर्वांत नावाजलेला फोटोग्राफर म्हणजे लाला दीनदयाळ. सहाव्या निजामानं त्यांना राजा ही पदवी दिली. ते १९०५ मध्ये वारले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं मिळवून जतन केल्या आहेत. त्यांचा स्टुडिओ, त्यांची रसायनं, त्यांचा कारागीर यांपैकी काहीही नसताना आजचा माणूस त्या काचेवरून छाप काढू शकतो, कारण काच कुणाच्या परवान्यावर अवलंबून नाही. आपल्या फाइलींचं असंच असायला हवं. रॉथेरपीत एखादा फोटो दुरुस्त केला की मूळ फाइलला हात न लागता तिच्या शेजारी पीपी३ नावाची छोटी फाइल तयार होते. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहा. एक्स्पोजर किती वाढवलं, कॉन्ट्रास्ट किती ठेवला, हे एकेका ओळीत आकड्यांत लिहिलेलं सापडेल. उद्या रॉथेरपी जगातून नाहीसं झालं तरी आपण या फोटोचं काय केलं होतं हे माणसाला वाचता येईल. डार्कटेबलही अशीच शेजारी फाइल ठेवतं, जरी तिच्यातले आकडे इतके सरळ वाचता येत नाहीत. लाइटरूममध्येही बदल शेजारच्या फाइलमध्ये लिहायची सोय आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. वापरत असाल तर आजच करा.

मोठ्या शहरात बसून सॉफ्टवेअरची तुलना करणारे लोक डेटाचा हिशोब मांडत नाहीत. एका सप्ताहाचे तीनशे रॉ फोटो, प्रत्येकी पंचवीस एमबी धरले तर साडेसात जीबी होतात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये ते क्लाउडवर चढवायचे म्हटले तर पाच दिवसांचा सगळा डेटा त्यातच जाणार, तोही रेंज असेल आणि लाइट टिकली तर. जे सॉफ्टवेअर फोटो आपल्याच हार्डडिस्कवर ठेवतं आणि इंटरनेट नसताना पूर्ण काम करतं, तेच आपल्याकडं कामाचं. लॅपटॉप मात्र बरा लागतो. डार्कटेबलला आठ जीबी रॅम असावी, नाही तर ते रखडतं. रॉथेरपी आणि गिंप त्याहून कमीत भागवतात. एखादा तयार पीएसडी नमुना उघडायची वेळ आलीच तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे; फाइल बाहेर कुठं न पाठवता ते आपल्याच संगणकावर काम करतं.

आता विरुद्ध बाजूनं जे बोललं जातं त्याचा विचार करू. रात्रीच्या कीर्तनातल्या फोटोंचा कणदारपणा लाइटरूम ज्या सफाईनं काढतं, तशी सफाई मोफत सॉफ्टवेअरला अजून साधलेली नाही. हे मान्य. डार्कटेबल पहिल्यांदा उघडणारा माणूस गोंधळून जातो, हेही मान्य. त्याची मांडणी अधिक सोपी व्हायला हवी. ज्याला महिन्याचं भाडं जड जात नाही आणि शिकण्यापेक्षा फोटो लवकर हाती हवा आहे, त्यानं लाइटरूम रीतसर घ्यावं, मी त्याला नाव ठेवणार नाही. पण "पुढं पुण्यात नोकरी करायची तर फोटोशॉपच शिकलं पाहिजे" हा युक्तिवाद मला पटत नाही. कर्व्ह म्हणजे काय, हिस्टोग्राम कसा वाचायचा, मास्क कसा रंगवायचा, हे एकदा गिंपमध्ये नीट आलं की फोटोशॉपमध्ये फक्त बटणांच्या जागा शोधायच्या राहतात. ज्याला फक्त बटणं पाठ आहेत त्याला मात्र आवृत्ती बदलली तरी अडायला होतं.

मराठीचाही प्रश्न आहे. फोटोवर गावाचं नाव, सप्ताहाची तारीख लिहायची तर जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी मोडतं. "हिंगोली" लिहिलं की पहिली वेलांटी भलतीकडं जाऊन पडते. म्हणून स्टुडिओवाले श्रीलिपीसारख्या वेगळ्या फॉन्टव्यवस्थेवर काम करत आले. नव्या फोटोशॉपमध्ये टाइपचं योग्य सेटिंग असलं की जोडाक्षरं नीट येतात. गिंपमध्ये ती कुठलंही सेटिंग न बदलता येतात. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त आणि बलू हे देखणे देवनागरी फॉन्टही मोफत आहेत. शिकायचं म्हटलं तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात गिंपचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. इंग्रजी कमी येतं म्हणून मागं राहिलेल्या मुलांसाठी एवढी एक गोष्टही पारडं झुकवायला पुरेशी आहे.

ज्याच्याकडं फक्त मोबाइल आहे, आणि सेनगाव तालुक्यात असेच हौशी जास्त आहेत, त्यानं स्नॅपसीड घ्यावं. ते मोफत आहे, जाहिराती नाहीत, इंटरनेट लागत नाही. त्यातलं सिलेक्टिव्ह वापरून बोटानं फक्त चेहऱ्याचा उजेड वाढवता येतो, टोपी जशीच्या तशी राहते. तेही गूगलचंच आहे, हे विसरू नये. मूळ फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवून तेवढ्यावर समाधान न मानता केबलनं काढून वेगळे ठेवावेत, कारण व्हॉट्सअॅप साध्या फोटोचा आकार दाबून लहान करतं. ज्याच्याकडं कॅमेरा आणि लॅपटॉप आहे त्यानं रॉथेरपीनं सुरुवात करावी, लॅपटॉप चांगला असेल तर डार्कटेबल घ्यावं, सोबतीला गिंप. जो पैसे घेऊन लग्नाचे फोटो काढतो त्यानं अडोबी घ्यावं आणि त्याचं भाडं धंद्याच्या खर्चात धरावं.

तालुक्यातल्या शाळा, महाविद्यालयं, संगणक केंद्रं आणि सार्वजनिक वाचनालयं यांना माझी विनंती आहे. तुमच्याकडं संगणक आधीच आहेत. गिंप आणि रॉथेरपी त्यांवर टाकायला कुणाची परवानगी लागत नाही, रुपयाही लागत नाही. या दिवाळीच्या सुट्टीत एका संगणकावर ती टाका, मराठी धडे उतरवून ठेवा, आणि कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन येणाऱ्या मुलांना तिथं बसू द्या.